फोटो कोणत्या दाताचा

फोटो कोणत्या दाताचा काढायचा, हे मुक्ताबाईंनी ठरवलं. दवाखान्याच्या भिंतीवर लिहिलेलंच होतं: दातांची सफाई वेगळी, एक्स-रे वेगळा आणि एक्स-रेचे पैसे दर फोटोमागे. ते वाचून त्यांनी काजूचा ओठ जरासा वर केला, पुढचा काळपट सुळा दाखवला आणि म्हणाल्या, "ह्याचाच काढा. बाकीचे दात चांगले हायत."

काजू म्हणजे त्यांचा सहा वर्षांचा लॅब्रॅडोर. मागच्या आठवड्यात गळ्यात पट्टा घालताना तो त्यांच्या मुलाच्या, विश्वजीतच्या मनगटाला चावला होता. त्याआधीही बऱ्याचदा गुरगुरला होता. विश्वजीतने त्याच दिवशी निकाल देऊन टाकला. येरवड्याला त्याच्या इमारतीचं काम चालू होतं, तिथल्या रखवालदाराकडे, बद्रीनाथकडे, काजूला आज संध्याकाळी पोचवायचं. मुक्ताबाईंचं घरात कोणी ऐकलं नाही. पण दुसऱ्याच्या दारात जाणार तर तोंडाला वास नको, म्हणून त्या सकाळीच त्याला धायरीतल्या या दवाखान्यात घेऊन आल्या. लेक सासरी धाडावी तशी त्याची आंघोळही झाली होती. हे सगळं त्यांनी डॉक्टर नम्रताला अगदी कोरड्या आवाजात सांगितलं. सांगताना काजूकडे एकदाही पाहिलं नाही.

भूल चढल्यावर नम्रताने त्याच्या तोंडात एक्स-रेचा सेन्सर सरकवला. सेन्सर माणसांच्या दातांचा, दोन बोटं रुंद. कुत्र्यांच्या मापाच्या मोठ्या प्लेटा महाग पडतात म्हणून तिच्या भागीदाराने, डॉक्टर आमोदने, हा पसंत केला होता. एवढ्याशा सेन्सरने लॅब्रॅडोरचं अख्खं तोंड टिपायचं तर ढीगभर फोटो काढावे लागतात. म्हणून पैसे दर फोटोमागे, आणि म्हणून मालक आपापल्या पसंतीचा दात निवडणार. आमोदला त्यात काही गैर दिसत नव्हतं. लोक भाजी नाही का निवडून घेत.

काळ्या सुळ्याचा फोटो स्क्रीनवर आला. मूळ ठणठणीत होतं. वरून नुसता जुना डाग.

आता सफाई उरकायची, काजूला जागं करायचं आणि वाटेला लावायचं, एवढंच उरलं होतं. नम्रताला ते जमेना. इतकी वर्षं कोणाला साधा ओरखडा न काढलेलं कुत्रं उगाच चावत नाही, हे तिच्या डोक्यातून जात नव्हतं. त्याचा तो धुतलेला, पावडर लावलेला गळा बघून तिला भरून आलं. तिने सेन्सर शेजारच्या दातावर सरकवला.

"आपण एकाचेच पैसे सांगितलेत," आमोद म्हणाला.

"आणि तो एक कोणी निवडला? आपण?"

आमोदने खांदे उडवले, पण कॉम्प्युटरसमोरची खुर्ची ओढून बसला. एकामागून एक फोटो येत गेले. सगळे चांगले. नम्रताला वाटायला लागलं की आपण उगाच खटाटोप करतोय. मग उजवीकडच्या वरच्या मोठ्या दाढेचा फोटो आला आणि दोघंही स्क्रीनकडे वाकले. दाढ वरून पांढरीशुभ्र, टूथपेस्टच्या जाहिरातीत शोभावी अशी. आत मुळाला मात्र तडा गेलेला, आणि भोवतीचं हाड पोखरून झालेली काळी पोकळी.

आमोदने फोटो मोठा करून पाहिला. मग म्हणाला, "पट्टा घालताना याला कुठे धरतात, विचार."

नम्रताने मुक्ताबाईंना आत बोलावलं, फोटो दाखवला आणि विचारलं. मुक्ताबाईंचा हात आपोआप स्वतःच्या उजव्या गालावर गेला.

"हितं. हितंच दाबून धरतो विश्वजीत त्याला, हलू नये म्हणून." त्या फोटोकडे वळल्या. "कधीपासनं असंल हे, डॉक्टरबाई?"

चार-सहा महिने तरी, असं नम्रता म्हणाली. दाढ काढली की दुखणं संपेल, असंही म्हणाली. मुक्ताबाईंनी पदर तोंडाला लावला. रडू आलं ते त्यांनी लपवलं नाही. दाढ काढायला त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला, बाहेर जाऊन मुलाला फोन केला आणि मग परत येऊन विचारलं की जास्तीच्या फोटोंचं काय द्यायचं.

"आता अख्ख्या तोंडाचे पैसे एकदाच घेतो आम्ही," आमोद म्हणाला. "सफाईतच धरलेत." मग नम्रताकडे वळून पुटपुटला, "बोर्ड मी बदलतो. आणि मोठ्या प्लेटांचा भावही मागवतो. या खेळण्यावर असे फोटो काढत बसलो तर निम्मे पेशंट संध्याकाळपर्यंत टेबलावरच."

विश्वजीत आला तेव्हा दाढ काढून झाली होती आणि काजू खाली सतरंजीवर अर्धवट भुलीत पडला होता. विश्वजीतने स्क्रीनवरचा फोटो पाहिला, दोनदा पाहिला. इस्त्रीच्या पँटची पर्वा न करता जमिनीवर बसला आणि पट्टी बांधलेला हात काजूसमोर धरला. काजूने डोळे किलकिले केले, हात हुंगला आणि जड झालेलं डोकं त्या तळव्यावर टाकून दिलं.

तेवढ्यात विश्वजीतच्या खिशात फोन वाजला. त्याने हात हलवला नाही. "आई, बद्रीनाथ असंल. तूच बोल."

मुक्ताबाईंनी वाकून त्याच्या खिशातून फोन काढला.

"बद्रीनाथ, कुत्र्याची वाट बघू नका," त्या म्हणाल्या. "त्याला आता आठवडाभर मऊ भात कालवून द्यावा लागंल. तुमच्यानं व्हायचं न्हाई ते."