चष्म्याची डबी

जर्मन वाचताना बायकोचा उच्चार चुकला की दिगंबरराव चष्म्याची डबी टेबलावर आपटत. ती भाषा त्यांनीच तिला शिकवली होती. कुमुदताई चिडून म्हणत, “अहो, बायको आहे मी, विद्यार्थिनी नाही.”

“म्हणून तर हळू आपटतो.”

मग त्यांची दृष्टी गेली आणि ते वाचत असलेलं, चौल बंदरात आलेल्या एका जर्मन व्यापाऱ्याचं चारशे वर्षांपूर्वीचं हस्तलिखित अर्ध्यावरच राहिलं. उरलेलं आपण वाचून दाखवायचं, असं कुमुदताईंनी ठरवलं. पण ती जुनी अक्षरं अळ्यांसारखी वळवळत. ग्रंथालयातल्या मैथिलीने अक्षरांचा तक्ता मिळवला, जर्मनीतल्या एका बाईंचे धडे मोबाइलवर लावून दिले. शिकण्यात दोन वर्षं गेली. तेवढ्यात दिगंबरराव माणसं विसरू लागले.

आज कुमुदताई त्यांच्यासमोर वाचायला बसल्या. डबी दिगंबररावांच्या हाताशीच ठेवली होती. पान संपत आलं, तेव्हा कुमुदताईंनी मुद्दाम एक शब्द चुकवला आणि थांबल्या. पुन्हा तोच, आणखी चुकीचा.

दिगंबरराव कौतुकाने हसले. “छान वाचता हो बाई. कोणती भाषा ही?”

कुमुदताईंनी डबी उचलून टेबलावर हळूच आपटली, शब्द नीट उच्चारला आणि पुढे वाचू लागल्या.