जिन्याचं दार

आईला कमी ऐकू येतं, म्हणून घरच्या चोर-अलार्मचा दुसरा स्पीकर वर तिच्या खोलीत बसवला. वायरमननं खालच्याच तारा वर ओढल्या. “जे खालचा बोलेल तेच वरचा बोलेल. यात चुकायला जागाच नाही.”

बघू तरी, म्हणून मी पुढचं दार उघडलं.

“पुढचं दार उघडलं,” खालचा स्पीकर म्हणाला.

“जिन्याचं दार उघडलं,” वरचा म्हणाला.

आमच्या जिन्याला दारच नाही.

वायरमन आधी हसला. मग अलार्मचा डबा उघडून त्यानं तारा पुन्हा पुन्हा चाचपल्या. “साहेब, हे वाक्य यात भरलेलंच नाही हो. आलं कुठून?”

“मला काय विचारता? बसवलात तुम्ही!”

त्यानं मेन स्विच बंद केला. आम्ही दोघं खुळ्यासारखे जिन्याकडे बघत राहिलो.

तेवढ्यात वरून आई बोलली. एरवी ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलते. आत्ता तिचा आवाज दबका होता, आणि ती आमच्याशी बोलत नव्हती.

“आलीस? मग आधी जिन्याचं दार लावून घे. खाली कुणीतरी शिरलंय.”

आमच्या डोळ्यांसमोर, मोकळ्या जिन्यात, कडी लागल्याचा आवाज झाला.