दोन पिशव्या राखेच्या
नदीच्या दोन्ही काठांवरच्या कड्यांतला राखेचा थर ज्वालामुखीच्या एकाच स्फोटातला, असं तिच्या नवऱ्याने छातीठोकपणे मांडलं होतं; दोन्हीकडच्या नमुन्यांची वयं तंतोतंत जुळली होती. तो गेल्यावर तिने त्याच आधारावर अख्खं पुस्तक लिहिलं. आज पलीकडच्या काठावरून नव्याने आणलेला तुकडा मात्र तीस लाख वर्षांनी लहान निघाला. वय मोजणाऱ्या यंत्राच्या नावाने बोटं मोडत तिने कपाटातून त्याच्या नमुन्यांच्या दोन्ही जुन्या पिशव्या काढल्या. ‘अलीकडचा काठ’, ‘पलीकडचा काठ’. दोन्हींवर तारीख एकच. “अय्या, माझा जन्मदिवस!” लेक डोकावली. “दोन्हीकडे जाऊन बाबा वेळेवर दवाखान्यात पोचले? किती धावले असतील!” तिला कळा सुरू झाल्याचा निरोप मिळताच तो दुपारच्या आत, चिखलभरल्या बुटांनिशी हजर झाला होता. पलीकडे जायला तेव्हा पूल नव्हता. वळसा घालून जाण्यातच अख्खा दिवस मोडायचा. “धावला ना,” ‘पलीकडचा काठ’ लिहिलेली पिशवी आवळत ती म्हणाली. “थेट तुझ्याकडेच.”