रबरी ठोकळा

"नीट बघा," तिने अकरावीच्या वर्गाला सांगितलं आणि टेबलावरच्या रुळावर छोटी गाडी ढकलली. ती दुसऱ्या उभ्या गाडीवर आदळून जागीच थांबली. उभी होती ती सुसाट सुटली.

रुळाच्या टोकाशी खुर्ची टाकून अण्णा तास बघायला बसले होते. कॉलेज त्यांच्या संस्थेचं आणि ती त्यांची सून. बंगळुरूला संशोधनासाठी निवड झाल्याचं तिने सकाळी चहा देताना सांगितलं, तेव्हा "बघू" म्हणून त्यांनी पेपर उघडला होता.

टोकाला रबरी ठोकळा लावायचा आज तिच्याकडून राहून गेला होता. "मॅडम, ठोकळा!" मुलं ओरडली. गाडी टेबलाबाहेर झेपावली आणि का कोण जाणे, तिला एकदम मोकळं वाटलं.

अण्णांनी गाडी वरच्यावर झेलली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मुठीत चाकं अजून गरगरत होती.

"पडून मोडली असती की, सूनबाई," ते मायेनं म्हणाले. गाडी रुळावर ठेवून त्यांनी ठोकळा स्वतः घट्ट बसवला. "हं, दाखवा पुन्हा."

तिने दाखवलं आणि आदळून थांबलेली गाडी चटकन उचलून घेतली. सुटलेली गाडी ठोकळ्यावर आपटली आणि निमूट तिच्याकडे परत आली.