बाईंची पहिली मुलाखत

"स्वतःबद्दल थोडं सांगा," नवरा म्हणाला आणि बाईंची बोबडी वळली.

मध्ये स्वयंपाकघरातलं टेबल होतं. पलीकडे नवरा साहेबासारखा ऐटीत बसला होता. तो घड्याळं दुरुस्त करायचा. साहेब कसे बसतात हे त्याला ऐकूनच माहीत. अलीकडे बाई, घामाघूम. बावीस वर्षं त्यांनी लॉन्ड्रीच्या वरच्या खोलीत मुलाखतीचे वर्ग चालवले होते. दारातून आत कसं यायचं, हात कुठे ठेवायचे, किती हसायचं, स्वतःचे दोष विचारले तर कोणते सांगायचे, हे सगळं त्यांनी शेकडो पोरापोरींच्या गळी उतरवलं होतं. बाईंच्या हाताखालून गेलेला माणूस नोकरी घेऊनच घरी येतो, अशी त्यांची ख्याती होती. स्वतः मात्र त्यांनी आयुष्यात एकही मुलाखत दिली नव्हती. कधी गरजच पडली नव्हती.

आता पडली होती. हेच धडे मोबाइलवर फुकट मिळू लागले आणि वर्गात सोळा खुर्च्या, दोन माणसं अशी गत झाली. त्यातलाही एक जण खाली कपड्यांना इस्त्री होईपर्यंत वेळ काढायला येऊन बसायचा. शेवटी मालकाने खोली परत मागितली. त्याच आठवड्यात पाणीपुरवठा कचेरीच्या तक्रार विभागात एक जागा निघाली. वयाची अट नव्हती. बाईंनी अर्ज टाकला आणि त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना.

नवऱ्याने प्रश्न पुन्हा विचारला. या खेपेस बाई सावरल्या. आवाज भारदस्त, मान ताठ, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मेहनत हा आपला स्वभाव, माणसं जोडणं ही आवड, नवं शिकणं हा ध्यास, असं सगळं त्या घडाघडा बोलून गेल्या. नवऱ्याने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"छान होतं," तो म्हणाला. "पण हे होतं कोणाबद्दल?"

बाईंना राग आला. दोन दिवस त्या त्याच्याशी कामापुरतंच बोलल्या. पण त्याचं ते वाक्य काही केल्या मनातून जाईना. तोंडपाठ उत्तरांखेरीज आपल्याला नेमकं येतं तरी काय, हे बावीस वर्षांत त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. मुलाखतीच्या सकाळी साडीची पिन लावता लावता त्यांनी ठरवून टाकलं. पाठांतर बासनात. जे खरं असेल तेच सांगायचं, मग नोकरी मिळो न मिळो.

मुलाखतीच्या खोलीत तिघे बसले होते. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या दारातच थबकल्या. तिघांचेही हात टेबलावर, डावा खाली, उजवा वर. माना उजवीकडे किंचित कललेल्या. असं बसायला जगात एकाच ठिकाणी शिकवत होते, लॉन्ड्रीच्या वर. मधले टक्कल पडलेले साहेब बहुधा चौथ्या तुकडीतले. चष्मेवाल्या मॅडम नक्की अकराव्या तुकडीतल्या. तिसऱ्याचा चेहरा आठवेना, पण हसू बाईंनीच घोटून घेतलेलं होतं. तिघांपैकी कोणीही ओळख दाखवली नाही.

साहेबांनी विचारलं, या कामाचा अनुभव आहे का? बाईंनी एक श्वास घेतला आणि सरळ सांगितलं की पाणी, पाइप, तक्रारी यातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही.

तिघांचे चेहरे खर्रकन उतरले. मॅडम खाकरल्या. तिसऱ्याने पेन खाली ठेवलं. भर वर्गात शिक्षकाचंच गणित चुकावं आणि मुलांनाच लाजल्यासारखं व्हावं, तसं त्यांचं झालं. साहेब पुढे वाकून फार मायेने म्हणाले, "बाई, म्हणजे आपल्याला नवं शिकण्याची प्रचंड आवड आहे, असंच ना?"

बाईंनी आळीपाळीने तिघांकडे पाहिलं. मालकाने मागितलेली खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली.

"हो," त्या म्हणाल्या.

तिथून पुढे गाडी जी रुळावर आली ती थांबलीच नाही. बाई बोलत होत्या तसे साहेबांचे ओठ सोबत हलत होते. एका ठिकाणी बाई अडखळल्या, तर तिसऱ्याने हळूच पुढचा शब्द पुरवला. दुपारच्या आत नेमणुकीचा कागद हातात पडला. नवऱ्याने दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं आणि आपलीच चूक झाली असं कबूलही केलं.

सोमवारी बाई कामावर रुजू झाल्या. लांबलचक दालनात वीस टेबलं होती. एक बाईंचं, बाकी एकोणीस टेबलांमागे माणसं ताठ बसली होती, प्रसन्न दिसत होती. बाईंना ओळखीचे बरेच चेहरे दिसले आणि त्यांचा ऊर भरून आला. तेवढ्यात शेजारच्या टेबलाशी तक्रार घेऊन एक तरुण आई आली. तिच्या घरी तीन आठवडे नळाला गढूळ पाणी येत होतं आणि लहान मुलीचे जुलाब काही केल्या थांबत नव्हते. टेबलामागच्या जुन्या विद्यार्थ्याने तिचं सगळं ऐकून घेतलं. डोळ्याला डोळा भिडवणं, मध्येच मान हलवणं, आवाजात कळकळ, कुठे म्हणून कसर नव्हती. तुमचा मुद्दा फार मोलाचा आहे, असं त्याने सांगितलं आणि ती समाधानाने निघून गेली. मग त्याने तक्रारीचा कागद खणात टाकला. खण इतका गच्च भरलेला होता की तो त्याला गुडघ्याने रेटावा लागला.

 बाई उठल्या, त्याच्या खुर्चीपाशी गेल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "अरे, पण या कागदाचं पुढे करायचं काय असतं?"

त्याने चेहऱ्यावरचं हसू तसूभरही ढळू दिलं नाही. फक्त आवाज खाली आणला.

"नऊ वर्षं झाली बाई, मला काय, साहेबांनाही ठाऊक नाही. पण येत नसलं तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?"