ओरडायची तालीम

टेम्पोने मागून ठोकरल्यापासून टेलरमास्तरांच्या मणक्यातली गादी सरकली होती आणि डाव्या पायातून दिवसरात्र वीज धावायची. आज विमा कंपनीचे डॉक्टर तपासणार, त्यावर भरपाई ठरणार, आणि नेमकी आज सकाळीच कळ गायब!

"आता कंपनी म्हणणार, म्हातारा सोंग करतोय," मास्तर बायकोला म्हणाले.

"मग करा थोडं," बायको म्हणाली. "डॉक्टर पायाला टाचणी टोचतील, तेव्हा चांगलं मोठ्याने ओरडा. जन्मभर सुया टोचून घेऊन गप्प बसायची सवय तुम्हाला, ती आजच्यापुरती घरी ठेवा."

मग तिने चिमटे काढून हातावर दोनदा तालीमही घेतली.

तपासणीच्या टेबलावर मास्तर डोळे घट्ट मिटून उताणे पडले. किंकाळी अगदी ओठांवर आणून ठेवली होती. पण टाचणी काही येईना. शेवटी त्यांना राहवेना.

"डॉक्टरसाहेब, टोचा की हो एकदाची!"



"मास्तर," डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला, "मी मघापासून टोचतोच आहे."