यादीत नसलेला पाळणा

पाळणा दारातून आत आला खरा, पण तो लपवायला बापलेकांना जागा सापडेना.

पलंगाखाली जाईना, कपाटामागे मावेना. त्यात तो एकाचा नव्हता, मधे फळी टाकून दोघांसाठी केलेला होता. सूनबाई सहाला येणार होती आणि सव्वापाच वाजून गेले होते.

"परत ने म्हटलं, तर टेम्पोवाल्याने कागद दाखवला," सासरे म्हणाले. "पत्ता आपलाच."

"तिच्याच कामाचा घोळ आहे हा," नवरा म्हणाला.

सून फर्निचर कंपनीत होती. गिऱ्हाईक संगणकावर लाकूड, माप, रंग निवडतं. कशाबरोबर काय जमतं आणि काय नाही, त्याचे नियम तिच्या ताब्यात. नियम बिघडू नयेत म्हणून तिने लावून दिलेला प्रोग्राम रोज हजारो खोट्या ऑर्डरी टाकून बघायचा. बिनपायांचा सोफा, स्वतःपेक्षा रुंद दाराचं कपाट. संगणकाने नकार दिला की चाचणी पास. या ऑर्डरींवर ती बिनदिक्कत घरचा पत्ता घालायची आणि जेवताना सांगायची, "एक जरी सुटली ना, तर आपल्याला बसायला जागा उरणार नाही."

आज एक सुटली होती.

नवऱ्याने कंपनीची छापील यादी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळली. दोघांचा पाळणा त्यात नव्हताच. म्हणजे ऑर्डर खोटीच.

घरात तिला तपासनीस म्हणत. गॅस दोनदा बघायची, कुलूप दोनदा ओढायची. सासऱ्यांच्या चष्म्याचा नंबरसुद्धा तिने दोन ठिकाणी काढून आणला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. मधे एकदा आशा लागली आणि गेली. सगळ्यांना सांगून झाल्यावर गेली, याचंच तिला फार लागलं होतं. तेव्हापासून घरात तो विषय कोणी काढत नसे.

सासऱ्यांनी जन्मभर सुतारकाम केलेलं. त्यांनी सवयीने कठड्यावरून हात फिरवला. "काम मात्र झकास आहे," ते म्हणाले आणि डोळे पुसले. "तिच्या नजरेला पडता कामा नये. जीव तुटेल पोरीचा."

शेवटी दोघांनी त्यावर चादर टाकली. चादरीखाली पाळणा अगदी पाळण्यासारखाच दिसत होता.

ती पंधरा मिनिटं आधीच आली.

"हे काय?"

"टेबल," सासरे म्हणाले. "जुनं आहे. दुरुस्तीला घेतलंय."

तिने चादर उचलली. कठडा हलवून बघितला, मग पुन्हा एकदा हलवून बघितला.

"वाईट वाटून घेऊ नकोस," नवरा घाईने म्हणाला. "तुझी खोटी ऑर्डर सुटली असणार. उद्या सकाळी परत पाठवू. यादीत दोघांचा पाळणाच नाही."

"परवापासून आहे. नियम मीच लिहिलाय, सगळ्या चाचण्या पास झाल्या." ती खुर्चीवर बसली. "त्यांना सहानंतर आणा म्हटलं होतं, आधीच आणून टाकला. मला डॉक्टरांकडून खात्री करून यायचं होतं."

"कसली खात्री, बाळ?" सासऱ्यांनी विचारलं.

तिने पर्समधून पाकीट काढून त्यांच्या हातात दिलं.

"पुन्हा तपासून घेतलं, बाबा. दोनच आहेत."